कानावरची बंदी आणि ध्वनीची विद्या

शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, त्याने वेद उच्चारला तर त्याची जीभ छाटावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्रात सांगितलेली आहे. हा दाखला आपण सभांमधून आणि लेखांमधून अनेकदा देतो. तो देताना आपले सारे लक्ष ज्ञानबंदीवर असते आणि ते बरोबरच आहे. परंतु ह्या शिक्षांच्या यादीत कानाचा क्रम पहिला आहे ही बाब आपल्या नजरेतून सुटते. ज्या समाजात सारी विद्या तोंडाने सांगितली जात होती आणि कानाने घेतली जात होती, तेथे माणसाला विद्येपासून तोडण्याचा सरळ उपाय म्हणजे त्याचा कान बुजविणे हाच होता.

एकीकडे ही बंदी आणि दुसरीकडे त्याच माणसाकडून सक्तीने काढून घेतलेला आवाज. दवंडी त्याने द्यायची, मयताची खबर गावोगाव त्याने पोहोचवायची, मिरवणुकीपुढे हलगी त्याने बडवायची. म्हणजे गावाला लागणारा आवाज आमच्याच हातातून आणि घशातून निघत होता. मात्र तो केव्हा निघावा, कोणासाठी निघावा आणि केव्हा बंद व्हावा हे ठरविणारे दुसरेच होते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. घसा असूनही ज्यांना मुके केले गेले त्यांची स्थिती ह्या नावात आहे.

ह्या पार्श्वभूमीवर आजच्या एका विद्येचा विचार करायचा आहे. चित्रपट, रेडिओ, दूरदर्शन आणि संगणकावरचे खेळ, ज्यांना आपली मुले 'गेम' म्हणतात, ह्यांतला ध्वनी तयार करण्याची ही विद्या आहे. आपल्या एखाद्या मुलाने वा मुलीने हे शिकायचे म्हटले की घरात आणि चळवळीतही कपाळाला आठ्या पडतात. हे काय शिक्षण आहे? ह्यात नोकरी कोठली? समाज जळत असताना ही चैन कशाला? हे प्रश्न टाकाऊ नाहीत, त्यांना उत्तर दिले पाहिजे. परंतु त्याआधी ह्या विद्येत नेमके काय असते ते समजून घेऊ.

आवाज घडतो कसा

चित्रपट पाहताना आपली समजूत अशी असते की कॅमेऱ्याने चित्र टिपले आणि त्याबरोबर जो आवाज आला तो माइकने टिपला. प्रत्यक्षात पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक आवाज कोणीतरी निवडलेला असतो. संवाद वेगळ्या पट्टीवर असतात, पावलांचे आणि भांड्यांचे आवाज वेगळ्या पट्टीवर, वारा, पाखरे, रस्ता आणि गर्दी वेगळ्या पट्टीवर, संगीत आणखी वेगळ्या. शेवटी मिक्सिंगच्या खोलीत बसून ह्या सगळ्या पट्ट्या एकत्र आणल्या जातात. कोणता आवाज पुढे यावा, कोणता मागे राहावा आणि कोणता ऐकूच येऊ नये, हे तेथे ठरते.

ह्या कामाला शास्त्राचा पाया आहे. माणसाचा कान साधारणपणे सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने ओळखतो. चित्रपटाचा आवाज संगणकात साठविताना दर सेकंदाला सहसा ४८,००० वेळा त्याचे मोजमाप घेतले जाते. मोकळ्या जागेत माइकचे बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून काठीला माइक बांधून तो चित्रचौकटीच्या अगदी कडेपर्यंत नेणारा माणूस, ज्याला 'बूम' धरणारा म्हणतात, तो हमाल नसून जाणकार असावा लागतो. भौतिकशास्त्र, थोडे गणित आणि सरावलेला कान ही ह्या विद्येची भांडवली सामग्री आहे. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट जन्मजात नाही.

परंतु शास्त्र संपते तेथे निर्णय सुरू होतो. एखाद्या दृश्यात पाटील आणि मजूर एकाच वेळी बोलत आहेत. माइक कोणाच्या तोंडाशी न्यायचा? जमावाचे दृश्य आहे. जमावाची कुजबुज बहुधा नंतर स्टुडिओत चार-दहा माणसे बोलावून भरली जाते. त्या माणसांनी काय बोलायचे? वस्तीतल्या सभेचे दृश्य असेल तर त्या कुजबुजीत 'जय भीम' ऐकू येणार की नुसता अर्थहीन गलका? हे निर्णय यंत्र घेत नाही. यंत्रापाशी बसलेला माणूस घेतो, आणि तो आपल्या आयुष्यात जे ऐकत आला त्याच्या आधाराने घेतो.

पावलांचा आवाज

पडद्यावर चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज बहुतेक वेळा त्याच्या पावलांचा नसतो. स्टुडिओत माती, फरशी, खडी, वाळलेला पाला असे तुकडे मांडलेले असतात. समोर चित्र चालू असते आणि एक कलावंत त्या चित्राबरहुकूम चालून तो आवाज नव्याने देतो. ह्या कामाला 'फोली' म्हणतात. हॉलीवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत बोलपटाच्या आरंभकाळात जॅक फोली यांनी ही पद्धत रुजविली, म्हणून त्यांचेच नाव तिला मिळाले.

आता असे दृश्य कल्पा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे खेडे. एक म्हातारा वरच्या आळीतून चालला आहे. दिग्दर्शकाने त्याला छातीपासून वर दाखविले आहे, पाय दिसत नाहीत. फोली करणाऱ्याने पायात वहाणा घालून चटचट आवाज दिला तर दृश्य तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होईल. परंतु ज्याच्या आजाने त्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घेतल्या होत्या, त्याला तो आवाज खोटा आहे हे तत्क्षणी कळेल. त्या म्हाताऱ्याचे पाय अनवाणी असले पाहिजेत, मातीवर दबकत पडले पाहिजेत, आणि आळी संपल्यावर वहाणा पुन्हा जमिनीवर टाकल्याचा आवाज आला पाहिजे. संवादाचा एक शब्द न वापरता सारी जातिव्यवस्था त्या चार आवाजांत येते. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, आपल्या घरात आहे. परंतु ते घरात आहे म्हणून आपोआप पडद्यावर येत नाही. त्यासाठी त्या खोलीत आपला माणूस शिकूनसवरून पोहोचावा लागतो.

संवाद आणि बोली

भारतीय बोलपटाचा आरंभ १९३१ च्या 'आलम आरा'पासून झाला आणि मराठीचा १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून. आरंभी संवाद चित्रणाच्या वेळीच मुद्रित होत. पुढे हलके पण खडखडाट करणारे कॅमेरे आले, चित्रण स्टुडिओबाहेर गेले आणि संवाद नंतर बंद खोलीत पुन्हा बोलून घेण्याची, म्हणजे डबिंगची, चाल रूढ झाली. २००१ च्या 'लगान'ने चित्रणाच्या जागीच संवाद मुद्रित करण्याच्या पद्धतीला हिंदीत पुन्हा प्रतिष्ठा दिली.

ह्या दोन पद्धतींतला फरक केवळ तांत्रिक नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा श्वास, धाप, अडखळणे आणि बोलीचा हेल जागेवरच्या मुद्रणात टिकतो. वातानुकूलित खोलीत त्याच ओळी पुन्हा म्हणताना शब्द स्वच्छ होतात आणि त्याबरोबर बोलीही 'स्वच्छ' होते. 'न' आणि 'ण' यांचा हिशेब कोणीतरी तपासू लागतो. आपल्या साहित्याने प्रमाणभाषेच्या सोवळेपणाशी झुंज दिली ती कागदावर. तीच झुंज ध्वनीच्या पट्टीवरही आहे, आणि तेथे आपले लोक अजून थोडे आहेत.

संवाद कापणारा संपादक दोन शब्दांमधला ठसका खोट म्हणून काढून टाकतो. क्षयाने खंगलेल्या गिरणी कामगाराचा ठसका मात्र त्याच्या बोलण्याचाच भाग असतो. काय खोट आणि काय अर्थ, हे ओळखायला तंत्र पुरत नाही. त्या माणसाचे जगणे माहीत असावे लागते.

शांततेचे मुद्रण

ध्वनिमुद्रणाच्या विद्यार्थ्याला आरंभीच एक विलक्षण वाटणारी सवय लावतात. चित्रण आटोपले की सर्वांना गप्प करून त्या जागेची शांतता अर्धा-एक मिनिट मुद्रित करायची. कारण पूर्ण शांतता अशी कोठे नसतेच. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, आणि संवादातल्या मोकळ्या जागा त्याच शांततेने भरल्या नाहीत तर कानाला ठेच लागते. वाड्याच्या जाड भिंतीतली दुपार आणि पत्र्याच्या खोलीतली दुपार, दोन्हीकडे कोणी बोलत नसले तरी सारखी नसते. पत्र्याखाली ऊन वाजते, शेजारच्या घरातला स्टोव्ह ऐकू येतो, नळावरची भांडणे भिंत ओलांडून येतात. गरिबाला एकांत नसतो ही गोष्ट वाक्य लिहून सांगता येते. ध्वनिकाराला ती वाक्याशिवाय सांगता येते.

आवाजाची हुकमत किती खोल जाते ह्याचे उदाहरण म्हणून नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधला प्रसंग आठवावा. गावाचे डुक्कर पकडण्यासाठी एक कैकाडी कुटुंब ऊर फुटेस्तोवर धावते आहे, बघ्यांची चेष्टा चालू आहे. डुक्कर हाताशी आलेले असतानाच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी थांबतो, घरची माणसेही ताठ उभी राहतात, आणि डुक्कर निसटते. त्या क्षणी राष्ट्र दिसत नाही, फक्त ऐकू येते. चौकटीबाहेरून आलेला एक आवाज चौकटीतल्या शरीरांना थांबवतो. ज्यांना राष्ट्राने काही दिले नाही तेच त्याचा मान राखताना सर्वस्व गमावतात, हा सारा आशय ध्वनीच्या एका मांडणीत आहे. हा प्रसंग दहा पानी भाषणाचे काम करतो, म्हणून कार्यकर्त्यांनीही ह्या विद्येकडे करमणूक म्हणून पाहू नये.

ध्वनिक्षेपण कोणाचे

चित्रपटाला पैसा लागतो. रेडिओचे तसे नाही, परंतु तेथे परवान्याची भिंत होती. आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तरी स्वयंसेवी संस्थांना छोटे सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा मिळायला २००६ साल उजाडावे लागले.

आपल्या सीमेलगतच्या तेलंगणातील 'संघम रेडिओ'ची हकीकत येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जहिराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने संघटित झालेल्या दलित शेतकरी-मजूर स्त्रियांनी युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ साली केंद्र उभारले. परवाना नव्हता. म्हणून त्या कार्यक्रम टेपवर मुद्रित करीत आणि गावोगावच्या संघांच्या बैठकीत वाजवून दाखवीत. दहा वर्षे असे चालले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी केंद्र प्रत्यक्ष हवेत गेले. माइक लावणे, मुद्रण, संपादन, प्रक्षेपण ही सारी कामे त्या स्त्रियांनीच हाती घेतली. बियाणे, पिके, औषधी झाडे, सणाची गाणी, नवऱ्याची मारहाण हे त्यांचे विषय, आणि भाषा त्यांच्या तोंडची. नेहमीच्या केंद्रावरची तेलुगू आपली वाटत नाही, म्हणून आपला रेडिओ हवा, ही त्यांची मूळ भूमिका होती.

ध्वनीची विद्या शिकायला पदवीच हवी, इंग्रजीच हवे, ही भीती ह्या स्त्रियांनी खोटी ठरविली आहे. तसेच मुद्रित आवाजाचे मोलही आपण ओळखले पाहिजे. बीबीसीने १९५५ साली बाबासाहेबांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली म्हणून त्यांचा सूर, त्यांचे थांबणे, त्यांची धार आज आपल्या कानांना कळते. लोकशाहीर विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) ह्या माहितीपटात मुद्रित झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि त्या आघाताने घोगऱ्यांनी आपले जीवन संपविले. आवाज मात्र राहिला. आपल्या किती शाहिरांचे, किती गायनपार्ट्यांचे, किती आयाबायांच्या ओव्यांचे आवाज असे राहिले? जे राहिले नाहीत ते अनास्थेने गेले, आणि त्या अनास्थेत आपलाही वाटा आहे.

गेममधला ध्वनी

संगणकावरच्या खेळांचा उल्लेख होताच पुष्कळ शिक्षक मान फिरवितात. परंतु आपल्या वस्तीतली मुलेही आज मोबाइलवर तासन्‌तास खेळतात, म्हणून हा विषय आपला आहे.

चित्रपटाचा ध्वनी एका ठरलेल्या क्रमाने जातो. गेमचा जात नाही. खेळणारा केव्हा वळेल, केव्हा थांबेल हे आधी ठाऊक नसते. म्हणून ध्वनिकार आवाजांबरोबर नियमही रचतो. पावलाचे एकाऐवजी आठ-दहा नमुने मुद्रित करायचे आणि ते उलटसुलट वाजवायचे, नाहीतर कान कंटाळतो. जमीन बदलली की नमुन्यांचा संच बदलायचा. धोका जवळ आला की संगीताचा एक थर वाढवायचा. डावीकडचा आवाज डाव्या कानाला उजव्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो. तेवढ्या फरकाचे गणित करून हेडफोनमध्ये दिशा उभी करायची. एफमॉड, वाइज ही त्या कामाची साधने शिकण्यापुरती विनामूल्य मिळतात.

पुण्यात तयार झालेला 'राजी' हा गेम २०२० साली जगभर पोहोचला, म्हणजे हे काम आपल्या भागातही होते. त्याचे जग देव-दानवांचे, पुराणांचे आहे. कसबाची वाखाणणी करूनही प्रश्न उरतोच: महाडचे तळे, गिरणगावची चाळ, ऊसतोडीचा फड ह्यांचे जग खेळात कोण उभे करणार? त्या जगाला वाजवील असा कान कोठून येणार?

हलगीचा मालक कोण

येथे एका अवघड प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्यापैकी अनेकांनी हलगी खाली ठेवली. तो गावकीच्या गुलामगिरीवर घातलेला घाव होता. ज्यांनी ती टाकली त्यांच्या स्वाभिमानाला कोणी नावे ठेवू नयेत. आज त्याच हलगीचा कडाड आवाज चित्रपटांना, जाहिरातींना, गेमना हवासा झाला आहे. शेकावर तापवून ताणलेल्या कातड्यावर काठीचा पहिला घाव पडतो तेव्हा आवाज इतक्या झटकन उसळतो की मुद्रकाने आधीच पुरेशी मोकळीक ठेवली नाही तर तो फाटतो. असे एकेक घाव मुद्रित करून त्यांचे संच विकले जातात आणि हजारो गाण्यांत वापरले जातात. वाजविणाऱ्याला मात्र एका दिवसाची बिदागी मिळाली की हिशेब संपला, असे धरले जाते.

कायदा पाहिला तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, वाजविणारा नव्हे. १९९४ च्या दुरुस्तीने वादक-गायकांना सादरकर्ते म्हणून हक्क मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या मानधनात त्यांचा वाटा मान्य झाला. हा हक्क कागदावर आहे. करारपत्र न वाचता अंगठा उठविणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणून ज्याने हलगी सोडली त्याचा नातू ध्वनिमुद्रक झाला तर ती जुन्या धंद्यात वापसी ठरणार नाही. तो माइकच्या दुसऱ्या बाजूला उभा असेल, नावनिशी लिहून घेईल आणि करारही वाचून दाखवील. मात्र हलगी ऐकताना ज्याला अजूनही आजाच्या पाठीवरचे वळ आठवतात, त्याच्यावर 'सांस्कृतिक वारसा' म्हणून ती लादण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कोठे आणि कसे शिकावे

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची १९९५ सालची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था, ह्या दोन्ही केंद्र सरकारच्या. दोहोंत ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, प्रवेशपरीक्षा आहे आणि आरक्षणही आहे. केरळातल्या एका खेड्यातील गरीब घरातून आलेले रसूल पुकुट्टी पुण्याच्या ह्याच संस्थेत शिकले आणि 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठी २००९ साली त्यांना सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. खाजगी संस्था पुष्कळ आहेत, त्यांची फी मात्र भरमसाट असते. कर्ज काढण्यापूर्वी तेथून बाहेर पडलेल्या चार विद्यार्थ्यांना भेटावे.

ह्या धंद्याविषयी गोड बोलून उपयोग नाही. कायम नोकरी थोडी, काम ओळखीवर मिळते, आणि ओळखी जातीच्या वर्तुळात फिरतात. आडनाव विचारले जाते. पैसे उशिरा येतात. ज्या घरात दर महिन्याला पैसा पोहोचलाच पाहिजे तेथल्या मुलाने हे सारे जाणूनच पाऊल टाकावे. आणि जो टाकील त्याला एकटे सोडू नये, ही आपल्या संघटनांची जबाबदारी आहे. वकील आणि डॉक्टर घडविण्यासाठी आपण वसतिगृहे काढली. आता एखाद्या वाचनालयात एक माइक, एक जुना संगणक आणि ऑडॅसिटीसारखी मोफत आज्ञावली ठेवणे अशक्य नाही.

विद्यार्थ्यांनी उद्यापासूनच आरंभ करावा. वस्तीतल्या एका ठिकाणी पहाटे, दुपारी आणि रात्री मोबाइलवर पाच-पाच मिनिटे मुद्रण करावे आणि काय काय ऐकू आले ते वहीत लिहावे. आजीची संमती घेऊन तिच्या ओव्या मुद्रित कराव्यात. तिचे नाव, गाव आणि तारीख नोंदवावी. शिक्षकांनी एखादा चित्रपट वर्गात आधी पडदा झाकून ऐकवावा आणि विचारावे, की ह्यात कोणाचा आवाज जवळ आहे, कोणाचा लांब, आणि कोण बोललेच नाही?

हा शेवटचा प्रश्न चित्रपटापुरता नाही. ग्रामसभेत, न्यायालयात, विद्यापीठाच्या बैठकीत तोच विचारायचा असतो. ज्याचा कान हा प्रश्न विचारायला शिकला तो ध्वनिकार झाला तरी चळवळीचा राहील, आणि कार्यकर्ता झाला तरी अधिक चांगला ऐकील. ज्या कानात कथील ओतायला सांगितले होते, तोच कान तयार करण्याची ही विद्या आहे. ती आपल्या मुलांना मिळाली पाहिजे.